फिकट बाण

शनिवार, रात्री उशिरा

मुक्ताने काही मनात ठेवून विचारलं नव्हतं. "मावशी, तुझंच मशीन आणि ते तुलाच देत नाही?" एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या विषयावर गेली. बोलणं संपलं, फोन ठेवला, कामं उरकली. पण तिचं ते वाक्य काही खाली बसेना. झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तिला आजीचं, म्हणजे माझ्या आत्याचं, गाणं हवं आहे. आत्या गात होती तेव्हाचं. माझ्याकडे ते आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मीच वर्षानुवर्षं सांगत आले आहे. मिनीडिस्कवर, त्या प्लास्टिकच्या डबीतल्या छोट्या डिजिटल डिस्कवर आहे, जपून ठेवलंय, अजून उत्तम वाजतं. मग आज ती म्हणाली की पाठव, तर मला "बघते" म्हणावं लागलं.

संध्याकाळी जुना कॉम्प्युटर काढला. रेकॉर्डरबरोबर आलेलं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावरच चालतं, म्हणून तो टाकला नाही. केबल जोडली. यादी आली. ट्रॅकचं नाव दिसतं. 'आत्या, दुपार' असं मीच एकेक अक्षर निवडून इंग्रजी लिपीत लिहिलेलं. किती मिनिटं आणि सेकंद तेही दिसतं. कॉम्प्युटरवरून डिस्ककडे जाणारा बाण ठळक आहे. डिस्ककडून कॉम्प्युटरकडे येणारा बाण फिकट. त्यावर कितीही दाबा, काही होत नाही. चूकही दाखवत नाही, कारणही सांगत नाही.

हे मला आज नव्याने कळलं असं नाही. २००१ मध्ये मिनीडिस्कला यूएसबीची जोड मिळाली, नेटएमडी आलं, तेव्हापासून हे असंच आहे. गाणी आत भरायला केबल, बाहेर काढायला नाही. माइकने स्वतः केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा नाही. मला ठाऊक होतं, आणि तरी आज तो बाण फिकट बघून छातीत काहीतरी आवळलं. आजवर त्याची गाठ फक्त माझ्याशी होती. आज पलीकडे मुक्ता होती.

त्या दुपारचं रेकॉर्डिंग मी किती जपून केलं होतं! नवी कोरी ७४ मिनिटांची डिस्क घातली होती. मोनोवर ठेवलं म्हणजे तीच १४८ मिनिटं चालते, आणि एका माइकला मोनो पुरे. एलपी-४ वर मुद्दामच ठेवलं नाही. त्यात वेळ चौपट मिळतो, पण सेकंदाला जेमतेम ६६ किलोबिट उरतात आणि तानपुऱ्याची जी सूक्ष्म झणझण असते ती पाण्याखालून आल्यासारखी होते. पातळी हाताने लावली होती. आपोआपवर सोडलं की शांत जागी मशीन आवाज वर ओढतं आणि तान आली की एकदम दाबतं. आत्या आधी "ते बंद कर ग" म्हणाली. मग विसरली. मग गायली.

संपल्यावर पडद्यावर 'टीओसी एडिट' लुकलुकायला लागलं. ज्यांनी हे मशीन वापरलंय त्यांना ते काही क्षण माहीत असतील. आवाज डिस्कवर उतरलेला असतो, पण कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ही नोंद अगदी शेवटी लिहिली जाते. तेवढ्यात बॅटरी गेली किंवा मशीन हललं तर सगळंच गेलं. मी श्वास धरून उभी होते. आणि बाबा दारातून काहीतरी विचारत होते, तर मी त्यांना हातानेच गप्प केलं.

ते नको आत्ता.

मला राग कशाचा येतो ते नीट मांडायला हवं. गाणी विकणाऱ्यांना भीती होती, हे मी समजू शकते. कॅसेटची कॉपी केली की दर वेळी खरखर वाढायची, चौथ्या-पाचव्या हातात गाणं मळून जायचं. डिजिटल कॉपी मळत नाही. म्हणून १९९२ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला की घरगुती डिजिटल रेकॉर्डरमध्ये कॉपीवर लगाम हवा: मूळ डिस्कवरून एकदा डिजिटल कॉपी घ्या, पण त्या कॉपीची पुन्हा कॉपी नाही. त्याच वर्षी मिनीडिस्क बाजारात आली. म्हणजे हे यंत्र जन्मलं तेच लगाम घालून. पुढे कॉम्प्युटरशी जोडलं गेलं तेव्हा लगाम आणखी आवळला. विकत घेतलेल्या सीडीवरचं गाणं सॉफ्टवेअरमध्ये घेतलं की ते कुलूपबंद व्हायचं. तीनच वेळा डिस्कवर पाठवता यायचं. चौथ्यांदा हवं असेल तर आधीचं एक त्याच कॉम्प्युटरवर परत जमा करा. कॉम्प्युटर बिघडून सगळं पुसावं लागलं की परवाने गेले, फाइली मुक्या. माझ्या अशा कितीतरी गेल्या. त्यांचं मला फारसं दुःख नाही. सीडी आहेत, पुन्हा ऐकता येतात.

पण आत्याचा आवाज कुठल्या सीडीवर होता? तो कोणी विकला होता? खोलीत एक बाई गात होती, माइक माझा, डिस्क माझी, बोट माझं. यात चोरी होण्यासारखं कोणाचं काही नव्हतंच. तरी यंत्राने मला आधीच संशयितांच्या रांगेत उभं केलं. स्वतःच्या कपाटातली वस्तू काढायला शेजाऱ्याची चिठ्ठी मागावी, आणि शेजारी गाव सोडून गेलेला असावा, असं झालंय. मिनीडिस्क काढणाऱ्या सोनीने मार्च २०१३ नंतर नवे प्लेअर पाठवले नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या डिस्क बनवणंही थांबलं. चिठ्ठी देणारं कोणी उरलेलं नाही आणि बाण अजून फिकटच.

मी काय एवढं मागत होते? एक आवाज एका मुलीकडे पोचवायचा आहे. इतकी वर्षं डिस्क उन्हापासून, हौशी हातांपासून सांभाळली. आणि ज्या दिवशी कोणीतरी खरंच मागितलं त्या दिवशी माझ्या हातात "बघते" एवढंच.

रविवार, दुपार

सकाळी पुन्हा ऐकलं, कान लावून. सांगायलाच हवं, हे मशीन वाजतं मात्र अप्रतिम. सीडीच्या साधारण पाचव्या भागाएवढ्या माहितीत ते आवाज बसवतं, कानाला जे ऐकू येणार नाही ते गाळून. आणि तरी आत्याचा तो खालचा षड्ज जसाच्या तसा भरीव येतो. लिहिण्याची रीतही किती विलक्षण. खालून लेझर डिस्कवरचा एक बारीक ठिपका तापवतो, वरून चुंबक त्याची दिशा ठरवतो, ठिपका थंड होतो आणि ती दिशा तिथेच गोठते. म्हणून नुसत्या ऐकण्याने ही डिस्क झिजत नाही. ज्यांनी हे बनवलं त्यांनी जीव ओतला होता. आणि त्याच इमारतीत कुठेतरी बसून कोणीतरी तो बाण फिकट केला. दोघं एकमेकांशी कधी बोलले होते का, असं सारखं वाटतं. रेकॉर्डर बनवणाऱ्याला ठाऊक असणार की लोक याने बाळाचे बोल, आईच्या गोष्टी, भजनं, तालमी टिपणार. त्याने भांडायला हवं होतं. कदाचित भांडलाही असेल.

कारण पुढे हे बदललं, हेही खरं. २००४ मध्ये हाय-एमडी आलं, एक गिगाबाइटची डिस्क, काहीही न गाळता ९४ मिनिटं. आणि त्यात माइकचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेता यायला लागलं. सुरुवातीला तिथेही अटी होत्या, मग एकेक करून सैल केल्या. २००६ मधल्या शेवटच्या मॉडेलमध्ये तर जुन्या डिस्कवरचं रेकॉर्डिंगही बाहेर यायचं. म्हणजे जमत होतं. आधीपासून जमत होतं. दिलं उशिरा, लोक दुसरीकडे निघून गेल्यावर. मला त्या मॉडेलची बातमीही तेव्हा लागली नव्हती. त्या वर्षी घरात जे चाललं होतं त्यात रेकॉर्डरचा विचार कोण करणार.

निखिलला विचारलं. तो म्हणाला, ताई, त्याची चिंता नको. हौशी लोकांनी या यंत्रांची भाषा उलगडून ठेवली आहे. ब्राउझरमध्ये चालणारा एक प्रोग्राम आहे, यूएसबीने थेट रेकॉर्डरशी बोलतो, गाणी भरतो, ट्रॅकची नावं बदलतो. आणि काही मॉडेलांच्या आतल्या प्रणालीतली फट शोधून डिस्कवरचा मूळ डेटा जसाच्या तसा बाहेरही काढतो. माझं मॉडेल त्या यादीत आहे. मंगळवारी येतो म्हणाला, अर्ध्या तासाचं काम.

ऐकून आनंदाने उडी मारायला हवी होती. ओळख ना देख, अशा माणसांनी स्वतःचा वेळ घालून माझ्यासारख्यांसाठी हे केलंय. मला त्यांच्याबद्दल फार, फार आदर वाटतो. पण उडी आली नाही. उलट कालची ती आवळ पुन्हा आली, आणि या वेळी बाण आड नव्हता.

मी रात्रभर म्हणत होते की आवाज माझा आहे. माइक माझा, डिस्क माझी, बोट माझं. पण गळा? यंत्राने परवानगीची एवढी मोठी व्यवस्था उभारली, आकडे ठेवले, कुलपं लावली, आणि जिचा आवाज आहे तिला विचारायची जागा त्यात कुठेच ठेवली नाही. आणि मीही काल दिवसभर त्यात तिला कुठे धरलंच नव्हतं. तिला तर मुळात ते मशीन बंदच हवं होतं.

मुक्ताकडे फाइल गेली की ती तिच्यापुरती राहणार नाही. का राहावी? ती कौतुकाने सगळ्यांना पाठवेल. आत्याच्या सगळ्या जुन्या मैत्रिणींना. ज्यांना आत्या, तिचा तो गळा गेल्यापासून, भेटायचं टाळते त्यांनाही.

आणि त्यात नुसतं गाणं नाही. मध्ये तानपुरा लावताना ती बाबांबद्दल बोलते.

रविवार, रात्र

आत्याला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग सांगितलं, मुक्ताने मागितलंय.

ती गप्प झाली. म्हणाली, "अजून आहे ते?"

आहे म्हटलं.

"वाजतं?"

म्हटलं, कालच झाल्यासारखं वाजतं. मग तिने विचारलं की त्यात दादाचा आवाज आहे का. मी सांगितलं, शेवटी आहे, दारातून काहीतरी विचारतात. काय विचारतात ते मी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. म्हणाली, "तू काही कापू नकोस हं. मी ऐकते आधी. मग बघू काय द्यायचं ते."

निखिलला कळवलं की मंगळवारी नको. त्याला जरा नवल वाटलं. कॉपी चांगली येईल, मूळचीच येईल, असं त्याने पुन्हा सांगितलं, आणि ते अगदी बरोबर आहे. ती वाट मी बंद केलेली नाही. ज्या दिवशी आत्या हो म्हणेल त्या दिवशी मूळच्या मूळ काढून ठेवणार आहे, डिस्कचं आयुष्य संपण्याआधी आणि मशीनचं त्याहून आधी. त्या फिकट बाणालाही माझ्याकडून माफी नाही. ज्या घरांमध्ये रेकॉर्डर बंद पडला आणि डिस्क तेवढी उरली, त्यांचं काय झालं असेल ते मला कल्पनेनेही सहन होत नाही.

पण पहिल्यांदा मी साधी ऑडिओ केबल लावणार आहे. हेडफोनच्या छिद्रातून लॅपटॉपमध्ये, जेवढ्यास तेवढ्या वेळात, एकेक मिनिट. थोडी हिस येईल. पातळी आधी बघून घ्यावी लागेल, मशीनचा आवाज पूर्ण वर नेऊन चालत नाही, तार सप्तकात फाटतो. बास वाढवणारं बटण बंद ठेवायचं. आणि रेकॉर्डर आत्याच्या हातात द्यायचा, कारण या पद्धतीत ऐकणं आणि काढणं एकाच वेळी होतं. नको वाटेल तिथे ती थांबवेल. मग पुढचं सोडून द्यायचं की पुन्हा सुरू करायचं हे तिचं ती ठरवेल.

मुक्ताला लिहिलं: आजीकडे जाऊन येते, मग सांगते. तिने लगेच विचारलं, मीही येऊ का? आत्याला विचारल्याशिवाय हो म्हणता येत नाही, असं कळवलंय.