फॅन तीनदा बदलला तरी आवाज तोच

आपलं काम कॉम्प्युटर रिपेरिंगचं, "मशीन फार आवाज करतंय" म्हणत येणारी गिऱ्हाइकं रोजचीच, आणि बहुतेक वेळा आतली धूळ ब्लोअरने उडवली की विषय संपतो. सदाशिव पेठेतल्या ताईंचं तसं नव्हतं. त्या घरातल्याच एका खोलीत ऑडिओबुकं रेकॉर्ड करतात, भिंतीला गाद्या, दाराला जाड पडदा, रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद, पंखा बंद, एप्रिलात पुण्यात काय होत असेल ते सांगायला नकोच, आणि एवढं सगळं सोसून माईकमध्ये येतंय काय तर कॅबिनेटच्या पुढच्या फॅनचं हूंऽऽ. आधी कुणीतरी तीनदा फॅन बदलून पैसे घेऊन गेलेला.

बायोस, म्हणजे कॉम्प्युटरची मूळ सेटिंग्ज, उघडला तर अर्धं उत्तर तिथेच. फॅन तीन पिनचा, बसवलेला चार पिनच्या हेडरवर, म्हणजे मदरबोर्डवर फॅनची वायर जिथे लागते तिथे, आणि हेडर पीडब्ल्यूएम मोडमध्ये. चार पिनच्या फॅनला चौथ्या वायरीवरून स्पीड कळतो, तीनवाल्याला ती वायरच नाही, मग त्याला सरळ १२ व्होल्ट मिळत राहतात आणि तो बिचारा फुल स्पीडने बोंबलत बसतो. मोड डीसी केला, म्हणजे व्होल्टच कमी करून स्पीड आवरायचा, स्पीड उतरला. ताई हेडफोन लावून म्हणाल्या, "दादा, कमी झालंय पण गेलं नाहीये, एकच सूर लागलाय बघा." मला तर काहीच ऐकू येत नव्हतं, पण रोज आवाजावर पोट असलेल्या माणसाशी काय वाद घालणार.

मग स्क्रू काढून चालू फॅन कडेनं हातात धरला. गप्प. जाळीला टेकवला की हूं, बोटभर मागे घेतला की परत गप्प. ताईंनी स्वतः करून बघितलं, त्यांना पटलं. जुनं कॅबिनेट, जाळी म्हणजे पत्र्यालाच पाडलेली गोल भोकं, मोकळ्या जागेपेक्षा पत्राच जास्त, हवा खेचणारी पाती त्याच्या पाठीमागे अगदी लागून फिरणार, मग हवा अडखळते आणि सूर धरते. इथे कितीही महागाचा फॅन आणा, तो गाणारच.

जाळी कापायची ठरलं तसे त्यांचे मिस्टर उत्साहाने ग्राइंडर घेऊन आले. म्हटलं सर, तो राहू दे. ठिणग्यांनी रंग जळतो, लोखंडाचा बारीक भुगा घरभर उडतो आणि एक कण जरी मदरबोर्डवर राहिला तरी शॉर्ट. होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, भोक सुबक पडतं, १२० एमएमच्या फॅनला साधारण ११४ चा लागतो, पण एका भोकासाठी एवढा खर्च कोण करणार, शिवाय एवढा मोठा सॉ हँड ड्रिलवर मध्येच अडकला तर मनगट पिरगाळतो, आणि मधोमध जाळीचं भोक आलं तर पायलट बिटला, म्हणजे सॉच्या मधल्या टोकाला, धरायला पत्राच नाही.

मी बोहरी आळीत जाऊन हाताचा निबलर घेऊन आलो. दिसायला पक्कडच, फक्त तोंडाशी छोटा पंच असतो, दाबला की पत्र्याचा एक इवलासा तुकडा तोडून खाली टाकतो. त्याचं तोंड घालायला आधी भोक लागतं, ती इथे आयतीच. मदरबोर्ड, डिस्क सगळं बाहेर काढलं, मार्करने गोल आखला, स्क्रूच्या चार भोकांना मात्र हात लावला नाही, त्यांच्यातलं १०५ एमएमचं अंतर गेलं तर फॅन बसवायचा कशाला. काम हळू होतं, हात भरून येतो, पण आवाज नाही, ठिणगी नाही. मग अर्धगोल कानस, कडेला रबर बीडिंग, आणि पडलेले तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून गोळा केले, पिशवी उलटी केली की सगळं आत.

फॅन स्क्रूऐवजी रबरी पिनांवर बसवला, स्पीड मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या आसपास ठेवला, तरी टेम्परेचर वाढलं नाही कारण हवेला वाट मोकळी झाली होती. ताईंनी अर्धं पान वाचून रेकॉर्ड केलं, परत ऐकलं, आणि लगेच म्हणाल्या, "आता पॉवर सप्लायचा फॅन ऐकू येतोय, तोही बदलून टाका ना." त्याला मात्र साफ नाही म्हटलं. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसलेला असू शकतो, त्यात गिऱ्हाइकाच्या घरी हात घालायचा नाही. लोड कमी असताना ज्याचा फॅन फिरतच नाही असा सप्लाय मिळतो, तो घ्या म्हटलं. किंमत ऐकून सर म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू.