जुनी पिकअप, सत्तर किलोमीटर कच्चा रस्ता आणि एक राहून गेलेली नळी

डांबर संपलं तिथंच गाडी बाजूला घेतली आणि चारही चाकांतली हवा काढायला बसलो. मागच्या गाडीतून मेहुणा उतरून आला. "दाजी, लोक प्रवासाला निघताना हवा भरतात. तुम्ही काढताय?" त्याची गाडीही माझ्यासारखीच फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी), पण आखूड आणि नवी. त्याने हवा काढली नाही. तासाभराने खडीच्या लाटांवर दात वाजायला लागल्यावर काढली.

मी ३४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वरून २४ वर आलो. हवा कमी केली की टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो, जमीन धरतो आणि टोकदार दगडावर ताठ न राहता त्याच्याभोवती दबतो. मात्र वेगही त्याच हिशेबाने उतरवायचा, कारण मऊ टायर पळवला की आतून तापतो. खडीला २६, दगड नि चाकोऱ्यांना २२-२४, मऊ वाळूला १६-१८ हे माझे आकडे. साध्या रिमवर १५ च्या खाली जात नाही, वळताना टायर रिमवरून निसटायची भीती असते. अर्थात हवा काढायची तर परत भरायची सोयही जवळ हवी. कंप्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी लावायचा घ्या. लायटरच्या खोबणीतला घेतलात तर दुसऱ्या चाकाला फ्यूज जातो.

दोन दिवसांत १८० किलोमीटर झाले, त्यातले सत्तरेक कच्चे. पहिल्या दिवशी खडी आणि एक चढ, दुसऱ्या दिवशी ओढा, चिखल आणि उतार. गाडी अकरा वर्षं जुनी, डबल कॅब, डिझेल, हाताने गिअर टाकायची.

ती घेतानाची गोष्ट आधी सांगतो, कारण वाटेत जे झालं त्याची मुळं तिथंच आहेत. हायलक्स, डी-मॅक्स, रेंजर, एल२००, नवारा अशी पिकअपची नावं घेऊन भांडायला मजा येते, पण अलीकडच्या या सगळ्यांचा बांधा साधारण एकच. शिडीसारखी चॅसी, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे सबंध ॲक्सल आणि बहुतेकांना पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). फरक आहेत, उदाहरणार्थ एल२०० च्या सुपर सिलेक्ट प्रकारात मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी) असल्याने चारही चाकांना ताकद देऊन गाडी डांबरावर चालवता येते. पण दहा वर्षांनंतर बोनेटवरच्या नावापेक्षा आधीच्या मालकाने काय केलं याला जास्त किंमत असते. जास्त किलोमीटर झालेली पण वेळेवर तेलपाणी मिळालेली गाडी मी कधीही घेईन. कमी पळालेली आणि चिखल न धुता तशीच उभी ठेवलेली नको.

मी चार गाड्या पाहिल्या. पहिली बाहेरून लखलखीत. खाली हातोडी घेऊन सरपटलो, चॅसीवर टकटक केली. धड पोलाद टणत्कार देतं, कुजलेलं भद्द वाजतं. मागच्या पाट्यांच्या खुंट्यांजवळ ते भद्द वाजलं आणि वर ताजा काळा रंग होता. वरवरचा गंज कुठल्याही जुन्या गाडीला असतोच, त्याला घाबरू नका. गंजावरच्या ताज्या रंगाला घाबरा. दुसरीत लो रेंज (चढ-चिखलासाठीचे जास्तीचे हळू गिअर) पडेचना. मालक म्हणाला, "कधी लागलंच नाही." ते खरंही असेल, पण वर्षानुवर्षं न हललेली यंत्रणा जाम होते आणि ती सोडवायचं काम माझ्या वाट्याला आलं असतं. तिसरीच्या मागच्या डिफरन्शियलचा (मागच्या ॲक्सलच्या मधला गोळा) वरचा बूच काढायला लावला आणि करंगळी आत घातली. तेल दुधाळ. म्हणजे पाणी शिरलेलं. मी मोठ्या रुबाबात मान हलवून निघून आलो. हा रुबाब लक्षात ठेवा.

चौथी घेतली. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहिलं (येण्याआधीच कुणी गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जावं), निळा धूर नव्हता. तेलाचं झाकण काढल्यावर फुसफुस थोडीच होती. पुढच्या चाकांच्या आतले रबरी बूट (शाफ्टच्या सांध्यांवरची वेष्टनं) फाटलेले नव्हते. लो रेंज पडत होती, आणि मागच्या डिफ लॉकचा (मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणारी सोय) दिवा आधी लुकलुकून मग स्थिर झाला. स्टेपनी हौद्याखाली साखळीवर असते, ती खाली उतरवून पाहिली. ही साखळी जाम झालेली असते हे लोकांना पंक्चर झाल्यावर कळतं.

आता फेरफार. सर्वात आधी टायर, आणि ऐपत एकाच गोष्टीची असेल तर फक्त टायर. २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७० आर १६, ऑल टेरेन (डांबर आणि माती दोन्हीला चालणाऱ्या) नक्षीचे. व्यास ७४९ मिलिमीटरवरून ७७७ झाला. त्याच्या निम्मे, म्हणजे जेमतेम १४ मिलिमीटर, ॲक्सल वर गेला. ऐकायला काहीच नाही, पण ॲक्सलचा गोळा खरोखर वर नेणारी गोष्ट टायरच. स्प्रिंगा उंच करून चॅसी वर जाते, मागचा ॲक्सल होता तिथंच राहतो. आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा आता गाडी ६२ ने चाललेली असते, हे ध्यानात असू द्या. आणखी मोठे टायर घालायचा मोह झाला होता. पण स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर ते आतल्या प्लास्टिकला घासले असते, इंजिनावर ओझं वाढलं असतं आणि ब्रेकही तेवढे लागले नसते.

दुसरं, उंची. पुढून मागून ४० मिलिमीटर वाढवली. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी दिसण्यासाठी. पन्नासच्या पुढे गेलात तर पुढच्या शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरतात आणि बूट फाटायला लागतात. उंची वाढवल्यावर तीन कामं लोक विसरतात. चाकांची अलाइनमेंट, दिव्यांचा कोन, आणि मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह. जुन्या पिकअपमध्ये हा व्हॉल्व्ह ॲक्सल आणि चॅसीमधल्या अंतरावरून हौद्यात वजन किती आहे ते ओळखतो. मागून गाडी उचलली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्या. टायर आणि उंचीतले बदल तुमच्याकडच्या नियमांत आणि विम्यात बसतात का, हेही आधीच विचारून ठेवा.

तिसरं, ओढण्याचे हूक. कारखान्यातून आलेल्या कितीतरी कड्या जहाजावर गाडी बांधण्यासाठी असतात, रुतलेली गाडी उपसण्यासाठी नाही. चॅसीला बोल्ट होणारे, भार छापलेले हूक लावले, सोबत ४.७५ टनांचे दोन शॅकल (दोर अडकवायच्या कड्या). ट्रेलरच्या गोळ्याला दोर अडकवून झटका कधीही द्यायचा नाही. गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो आणि माणसं मेलेली आहेत.

पोलादी बंपर, विंच (गाडी ओढायची चरखी), छतावरचा तंबू यांतलं काही घेतलं नाही. हौद्याची क्षमता टनभर असली तरी ती माणसांसकट असते, आणि हलक्या वाटांसाठी शंभर-दीडशे किलो लोखंड मिरवण्यात अर्थ नाही. छतावर दिव्यांची पट्टी मात्र लावली. अंधार पडायच्या आत दोन्ही दिवस मुक्कामाला पोचलो, त्यामुळे ती चालते की नाही ते अजून कळलेलं नाही.

आता वाट. खडीवरच्या आडव्या लाटांवर रिकामी पिकअप मागून नाचते, कारण पाटे टनभर वजनासाठी बनवलेले असतात. पाण्याचे कॅन आणि अवजारांची पेटी मी हौद्यात पुढे, केबिनला टेकवून बांधली होती. वजन मागच्या ॲक्सलच्या पुढे राहिलं आणि शेपूट बरंच शांत झालं. दर अर्ध्या तासाने शॉकअब्जॉर्बरला हात लावून पाहत होतो. हात ठेववेना इतके तापले की थांबायचं.

चढाच्या पायथ्याशी तीनशे मीटर काँक्रीट लागलं आणि मी चारही चाकांची ताकद चालू ठेवूनच त्यावरून वळणं घेतली, ते चुकलं. साध्या पार्ट-टाइम (लागेल तेव्हाच चारही चाकं जोडणाऱ्या) यंत्रणेत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मातीत ती घसरून हिशेब भागवतात, काँक्रीटवर घसरता येत नाही. पुढे टू-व्हीलवर (फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर) यायला गेलो तर दांडी हलेना. सरळ रेषेत दहा पावलं रिव्हर्स घेतली तेव्हा खट्ट करून सुटली. तुमची अडकली तर जोर लावू नका, हेच करा.

चढावर डाव्या-उजव्या चाकोऱ्या एकाआड एक खोल गेलेल्या. तिथं गाडीचा पुढचा एक पाय आणि मागचा विरुद्ध बाजूचा पाय अधांतरी झाला, आणि साध्या डिफरन्शियलने आपल्या स्वभावाप्रमाणे सगळी ताकद त्या अधांतरी चाकांनाच दिली. खाली उतरून पाहिलं. परत बसून लो रेंज, पहिला गिअर, डिफ लॉक, आणि ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय. माणूस चालतो त्याहून हळू, गाडी चढून गेली. वर पोचल्याबरोबर लॉक काढला, कारण तो असताना गाडी वळायला कुरकुरते. माथ्यावर मात्र पोट घासलं. पिकअपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) तीन मीटरच्या पुढे असतो, त्यामुळे मेहुण्याची गाडी जिथून अलगद गेली तिथं आमची टेकते. उंचवटा दिसला की थोडं तिरकं घ्यावं. मागचा ओव्हरहँगही (मागच्या चाकांच्या मागे राहणारा भाग) लांब, खड्ड्यातून वर येताना टो-बार जमीन नांगरतो. माझा काढता येण्यासारखा होता, संध्याकाळी काढून हौद्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी ओढा. काठीने चालत जाऊन पाहिलं, पाणी गुडघ्याखाली, तळाला गोटे. किती खोल पाण्यातून गाडी जाऊ शकते याचे कंपन्या रेंजरला ८०० मिलिमीटर, हायलक्सला ७०० असे आकडे देतात, पण ते शांत पाण्याचे आणि नव्या सीलच्या गाडीचे. लो रेंज, दुसरा गिअर, पुढे एक छोटी लाट तयार होऊन टिकेल एवढा वेग, मध्ये क्लचला पाय नाही. पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही आरामात पार झालो. बाहेर येऊन ब्रेक दाबत दाबत वाळवले.

चिखलात रुतलो ती माझीच चूक, मध्येच वेग सोडला. मेहुणा उत्साहाने दोर घेऊन धावला. त्याला थांबवलं. आधी फावड्याने चाकांपुढची आणि ॲक्सलखालची माती काढली, हवा १६ वर आणली, ट्रॅक्शन बोर्ड (चाकांना पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या) चाकांखाली सारले. वीस मिनिटांत गाडी स्वतःच्या पायांनी बाहेर. दोर पिशवीतच राहिला. सामानात जागा कमी असेल तर दिव्यांची पट्टी सोडा, लांब दांड्याचं फावडं घ्या. उतारावर लो रेंजचा पहिला गिअर टाकून दोन्ही पाय पेडलांवरून काढून घेतले, गाडी आवरायचं काम इंजिनाने केलं.

घरी आल्यावर खालून धुतलं, नट-बोल्ट आवळले, बूट पाहिले. सगळं ठीक. सवयीने मागच्या डिफरन्शियलचा बूच काढून करंगळी घातली. दुधाळ.

ॲक्सलच्या गोळ्यावर एक छोटा श्वासमार्ग असतो. लांब पल्ल्याने तापलेला गोळा गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून आत ओढते. माझ्या गाडीला श्वासमार्गावर नुसती टोपी होती, तीही मातीने अर्धी बुजलेली. तिथून हौद्यापर्यंत रबरी नळी न्यायची, हे माझ्या यादीत होतं, दिव्यांच्या पट्टीच्या खाली. ओढ्याआधी वीस मिनिटं थांबून ॲक्सल निवू दिला असता तरी बरंच वाचलं असतं.

तेल बदललं, शंभर किलोमीटर चालवलं, पुन्हा बदललं. दुसऱ्या वेळेस स्वच्छ निघालं. नळी आता मागच्या दिव्याच्या पोकळीपर्यंत गेली आहे, दीड मीटर, दोन क्लिपा. पुढच्या डिफरन्शियलची आणि ट्रान्सफर केसची (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा) नळी येत्या रविवारी बसवतो. मेहुणा पाना घेऊन येतोय, त्यालाही त्याच्या गाडीचा गोळा उघडून पाहायचाय.