कॉम्पॅक्ट कॅमेरा, फिशआय कन्व्हर्टर आणि अख्खं आकाश

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यापुढे फिशआय कन्व्हर्टर (दृश्य अतिशय रुंद करणारी जोडकाच) लावला की क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं आकाश एका वर्तुळात मावतं. मात्र या जोडीकडून काय मागायचं आणि काय नाही, हे आधी कळलेलं बरं. नाहीतर रात्रभर जागून हाती राखाडी चकती येते.

निकॉनचा जुना एफसी-ई८ उदाहरण म्हणून घेऊ. गुणक ०.२१, म्हणजे लेन्सची नाभीय लांबी इतक्या पटीने कमी होते, आणि दृश्यकोन १८३ अंश. कॅमेऱ्याच्या लेन्सची नाभीय लांबी ७ मिमी असेल, तर कन्व्हर्टरसकट ती उरते जेमतेम दीड मिमी. एफ-आकडा, म्हणजे नाभीय लांबी भागिले छिद्राचा व्यास, बदलत नाही, एफ/२.८ असेल तर तोच राहतो. म्हणजे प्रकाशाला आत यायला वाट किती? सुमारे अर्धा मिमी. अंधाराला सरावलेली डोळ्याची बाहुली सहा-सात मिमीपर्यंत उघडते, हे शेजारी ठेवून बघा. ताऱ्याचा प्रकाश किती जमेल ते या भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं. आकाशाचा पसरट उजेड मात्र एफ-आकड्यावर. म्हणून एक्स्पोजर वाढवलं की आकाश भराभर उजळतं आणि अंधुक तारे त्यातच बुडतात. आकाशगंगेतले काळे पट्टे, तेजोमेघ यांच्या नादी इथे लागू नये. ताऱ्यांच्या रेषा, ठळक उल्का, ढगांची ये-जा, शहराच्या उजेडाची नोंद, ध्रुवीय प्रकाश ही या जोडीची खरी कामं.

याच गणिताचा एक फायदाही आहे. १२ मेगापिक्सेलच्या चित्रात वर्तुळाचा व्यास ३००० पिक्सेल धरला, तर एका अंशाला साधारण १७ पिक्सेल येतात. खगोलीय विषुववृत्तावरचा तारा मिनिटाला पाव अंश सरकतो, म्हणजे चारेक पिक्सेल. ३० सेकंदांत दोनच. ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरची गरजच पडत नाही.

आता जोडणी. कन्व्हर्टर कधीही लेन्सच्या पुढेमागे होणाऱ्या नळीवर लटकवू नका. तो जड असतो, आणि त्या नळीची मोटर हे वजन पेलायला बनवलेलीच नसते. कॅमेऱ्याच्या अंगावर घट्ट बसणारी अडॅप्टर नळी हवी. तिची लांबी नेमकी लागते: आखूड पडली तर कॅमेरा चालू होताच लेन्स बाहेर येऊन कन्व्हर्टरच्या मागच्या काचेवर आपटते, लांब झाली तर वर्तुळाची कड कापली जाते आणि पूर्ण १८० अंश मिळत नाहीत. नळीची आतली चकचकीत आटी काळ्या मॅट कागदाने झाकून टाका. झूम पूर्ण रुंद बाजूला ठेवून वर्तुळ फारच लहान दिसत असेल, तर ते फ्रेमच्या उंचीत बसेल इतपतच झूम पुढे न्या.

ट्रायपॉडवर कॅमेरा सरळ वर, खमध्याकडे, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूकडे. स्क्रीन जमिनीकडे जाते, तेव्हा ती वळणारी असेल तर ठीक, नाहीतर खाली एक छोटा आरसा ठेवा. कन्व्हर्टरचं झाकण लावून त्यावर पाणपातळी ठेवली की समतल साधता येतो. उत्तर दिशा चित्राच्या वर घेतलीत तर पूर्व डावीकडे येईल. ते बरोबरच आहे, आपण नकाशा नाही, डोक्यावरचं छत बघतोय. उत्तर गोलार्धात ध्रुवताऱ्यावरून मांडणी तपासता येते. त्याची उंची तुमच्या अक्षांशाइतकी. ३० अक्षांशावर तो खमध्यापासून ६० अंश दूर, म्हणजे केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे दोन-तृतीयांश अंतरावर दिसायला हवा. आणि हो, एक्स्पोजर चालू असताना जवळ उभं राहिलात तर डोकं चित्रात येणारच. खाली बसा.

ऑटोफोकस अंधारात घुटमळत राहतो, तो बंद. मॅन्युअलमध्ये अनंताची खूण गाठून थांबू नका. लाइव्ह व्ह्यू मोठा करून गुरू, शुक्र किंवा दूरचा दिवा अगदी बारीक ठिपका होईपर्यंत फोकस हलवा. मधोमध असलेल्या ताऱ्यापेक्षा कडेच्या निम्म्या वाटेवरचा तारा निवडलेला चांगला, कारण या काचांचा फोकस केंद्रात आणि कडेला सारखा नसतो. शेवटचे पाच-दहा अंश तरीही निळ्या-जांभळ्या किनारीचेच राहतात. ऑटो पॉवर ऑफही बंद करा, कारण लेन्स आत जाऊन परत आली की फोकस गेला.

सेटिंगची सुरुवात अशी: छिद्र पूर्ण उघडं, १५ ते ३० सेकंद, लहान सेन्सरवर आयएसओ ४०० ते ८००, एक इंची सेन्सरवर १६००, व्हाइट बॅलन्स ठरावीक, फाइल रॉ (सेन्सरची कच्ची नोंद), टायमर २ सेकंद. इमेज स्टॅबिलायझेशन, फ्लॅश, फोकसचा मदतनीस दिवा, सगळं बंद. हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेला आणि पाव ते एक-तृतीयांशाच्या आसपास असावा. जेपीईजी असेल तर नॉइज रिडक्शन कमीत कमी, कारण दोन पिक्सेलचा तारा आणि नॉइज यांतला फरक त्याला कळत नाही. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन ही आणखी एक कटकट. प्रत्येक फोटोनंतर नॉइज वजा करण्यासाठी तितकाच वेळ काळी (प्रकाशाविना) फ्रेम घेतली जाते आणि ताऱ्यांच्या रेषा तुटक होतात. बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये ते बंदच होत नाही. कॅननच्या अनेक पॉवरशॉट कॅमेऱ्यांवर सीएचडीके हे जादा सोयी देणारं सॉफ्टवेअर मेमरी कार्डावरून चालवता येतं. त्यात हे आवरता येतं, रॉ मिळतं, लांब शटर आणि ठरावीक अंतराने फोटो घेणारी स्क्रिप्टही. काळ्या फ्रेम मग आपणच शेवटी झाकण लावून घ्यायच्या, त्याच आयएसओला, त्याच वेळेच्या, त्याच थंडीत.

खरा शत्रू दव. कन्व्हर्टरची फुगीर काच थेट निरभ्र आकाशाकडे बघत असते, उष्णता वर टाकते आणि भोवतीच्या हवेपेक्षा थंड पडते. हुड लावायची सोय नाही, तो चित्रातच येईल. उपाय एकच, काचेच्या कडेखाली गुंडाळलेली गरम पट्टी. ४७ ओहमचे, एक वॉटचे सात रेझिस्टर समांतर जोडून ५ व्होल्ट दिले की साधारण पावणेचार वॉट मिळतात. १०,००० एमएएचची पॉवर बँक सात-आठ तास पुरते. पट्टी दव पडण्याआधीच चालू करा. काच पुसत बसू नका, पाच मिनिटांत पुन्हा धुकटते आणि ओरखडे पडतात ते वेगळेच. नळीच्या आतही वाफ धरते, म्हणून जोडणी कोरड्या खोलीत करूनच बाहेर पडा.

चंद्र असेल तर केंद्राच्या पलीकडे त्याची भुतासारखी प्रतिबिंबं उमटतात. अनेक काचांचा हा दोष जात नाही, चंद्र नसलेली रात्र निवडा. क्षितिजावरचा एखादा दिवा मात्र दूर उभ्या केलेल्या छोट्या काळ्या पुठ्ठ्याने झाकता येतो.

रेषांसाठी स्टारस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम एकमेकींवर लाइटन पद्धतीने (प्रत्येक जागी सर्वांत उजळ पिक्सेल ठेवून) चढवा. उल्कांसाठी (ऑगस्टच्या १२-१३ चा पर्सिड, डिसेंबरच्या १३-१४ चा जेमिनिड उल्कावर्षाव) लांब एक्स्पोजरने काही साधत नाही: उल्का एका पिक्सेलवर क्षणभरच असते, वाढते ती फक्त पार्श्वभूमी. तिथे आयएसओ चढवा आणि एक्स्पोजर १५ सेकंदांवर आणा. सापडलेली रेष उल्काच आहे का, हे शेजारच्या फ्रेम पाहून ठरतं. विमानाची रेष ठिपक्याठिपक्यांची, उपग्रहाची सलग आणि पुढच्या फ्रेममध्येही चालू. फसवतो तो क्षणभर चमकून विझणारा उपग्रह, कारण त्याचीही दोन्ही टोकं उल्केसारखीच निमुळती असतात. तेव्हा रंग बघा: उल्केच्या सुरुवातीच्या टोकाला बऱ्याचदा हिरवट छटा असते, उपग्रहाची झळाळी पांढरी.