जळगावच्या उन्हात हायड्रोजन भरताना : माझा अनुभव

हायड्रोजनवर चालणारी गाडी आपल्याकडच्या बहुतेकांनी पाहिली ती बातम्यांतच. ३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी टोयोटाच्या ‘मिराई’तून संसदेत गेले, ती छायाचित्रे सर्वत्र झळकली. त्या गाडीत हायड्रोजन भरतात कसा, हे मात्र फारसे कोठे दिसले नाही, आणि जळगावच्या आमच्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थी मला नेमके तेच विचारत असत. अशा गाडीत हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या फ्युएल सेलचे काम फळ्यावर समजावता येते. पातळ पटलाच्या एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला हवा असते, प्लॅटिनमच्या सान्निध्यात हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन वेगळे होऊन तारेतून विजेच्या मोटरकडे जातात, आणि शेवटी उरते ते पाणी. परंतु पंपावर काय घडते, हे फळ्यावर सांगून कोणाला पटत नाही. म्हणून आवारातच एक छोटे प्रात्यक्षिक करावे, त्यात गाडीपेक्षा इंधन भरण्याला अधिक महत्त्व द्यावे आणि ते विद्यार्थ्यांपुरते न ठेवता शहरातील रिक्षाचालकांना व गावोगावच्या शेतकऱ्यांनाही दाखवावे, असे ठरले.

गाडी म्हणून एक जुनी ई-रिक्षा होती. तिच्या बॅटरीला चालता चालता वीज पुरवील असा ५०० वॉटचा फ्युएल सेल परदेशातून मागवला. मोठा सिलिंडर रिक्षावर चढवून फिरण्याचा विचार आम्ही केलाच नाही, कारण हायड्रोजन गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी २०२० पासून ‘एआयएस १५७’ हे स्वतंत्र मानक लागू आहे आणि त्याच्या कसोटीला उतरल्याशिवाय असे वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणण्याचा प्रश्नच येत नाही. त्याऐवजी धातूच्या मिश्रणात हायड्रोजन शोषून ठेवणारी एक छोटी टाकी घेतली. तिचे वजन पाच किलोंच्या घरात आणि आत मावणारा हायड्रोजन सुमारे ४५ ग्रॅम, पण तिला फारसा दाब लागत नाही, हा तिचा मोठा गुण. एवढ्या वायूवर आमचा फ्युएल सेल तासाभराहून थोडा अधिक वेळ चालतो आणि आवारातल्या रस्त्यावर फेऱ्या मारायला तेवढे पुरते.

परवानगीचे प्रकरण मात्र लांबले. एका कार्यालयाच्या अर्जात एलपीजी, सीएनजी आणि ‘इतर’ असे तीनच रकाने होते, आणि ‘इतर’मध्ये लिहिलेली वस्तू कोणीच आपल्या अखत्यारीतील मानावयास तयार नव्हते. शिवाय ज्या टेबलावर हायड्रोजनचे नाव निघे, तेथे पहिली आठवण जत्रेतल्या फुगेवाल्याची निघे. ती भीती निराधार नाही. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे पाण्यात टाकून कुठल्या तरी जुनाट सिलिंडरमध्ये वायू तयार करणारे फुगेवाले आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि तसे सिलिंडर फुटून माणसे दगावल्याच्या बातम्याही वाचल्या आहेत. तेथे वायू सिलिंडरच्या आतच तयार होत असतो, दाब किती वाढला हे दाखवणारे काही नसते आणि सिलिंडरची चाचणी कोणी केलेली नसते, हा फरक मी प्रत्येक ठिकाणी समजावून सांगितला. अग्निशमन दलाचे अधिकारी पाहणीला आले तेव्हा त्यांनी माझे व्याख्यान थांबवून थेट जागा दाखवण्यास सांगितले, आणि खरे तर काम तेथेच झाले.

त्यांच्या सूचना अचूक होत्या. हायड्रोजन हवेपेक्षा कितीतरी हलका असल्यामुळे गळती झाल्यास तो झपाट्याने वर जातो. म्हणून छत असलेल्या कार्यशाळेऐवजी वरून उघडी, सावलीपुरती शेडनेट बांधलेली जागा निवडली आणि गळतीसूचक यंत्र जमिनीजवळ न लावता डोक्याच्या वर टांगले. एलपीजीची सवय असलेल्या माणसाला हे उलटे वाटते, कारण तो वायू जड असून खाली साचतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात हायड्रोजन पेट घेऊ शकतो, त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. एलपीजीप्रमाणे त्यात वास मिसळावा, तर गंधकयुक्त पदार्थाने फ्युएल सेलमधील प्लॅटिनम निकामी होते. त्यामुळे नाकावर विसंबता येत नाही, यंत्र आणि साबणाचे पाणी यांवरच भिस्त ठेवावी लागते. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहण्याचे काम अंतिम वर्षाच्या मुलींनी आपल्याकडे घेतले आणि ते कोणाही दुकानदार मेकॅनिकपेक्षा चोख केले.

सिलिंडर मिळवणे त्या मानाने सोपे गेले. लाल रंगाचा, उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह असलेला, सुमारे १५० बार, म्हणजे हवेच्या जवळपास दीडशे पट दाबाचा हा सिलिंडर उचलायला दोन माणसे लागतात आणि आत हायड्रोजन असतो जेमतेम सहाशे ग्रॅम. फ्युएल सेलची गाडी साधारणपणे एका किलोत शंभर किलोमीटर जाते, हे सांगितल्यावर विद्यार्थ्यांनीच हिशेब केला की हा अख्खा सिलिंडर गाडीत रिकामा केला तरी जळगावहून धुळ्यापर्यंतही पोहोचता येणार नाही. मिराईच्या टाक्यांमध्ये ५.६ किलो हायड्रोजन मावतो, तो दाब ७०० बारपर्यंत नेल्यामुळे. शुद्धतेचाही मुद्दा होता. कार्बन मोनॉक्साइडचा अंशही फ्युएल सेलला सोसत नाही, म्हणून कारखान्यांसाठीचा साधा वायू न घेता प्रयोगशाळेच्या दर्जाचा मागवला, आणि त्याची किंमत पाहून विभागप्रमुखांचा चेहरा उतरला.

खरी परीक्षा भरण्याच्या वेळी झाली. कोणताही वायू बंद टाकीत दाबून भरला की ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते, तसेच. आमच्या टाकीत तर धातू हायड्रोजन शोषतानाच उष्णता बाहेर टाकतो, आणि ती काढून घेतली नाही तर शोषण मंदावते. त्यासाठी टाकी पाण्याच्या टबात बुडवून ठेवायची असते. एप्रिलमध्ये जळगावात दुपारी पारा ४३ अंशांवर असताना टबातले पाणीच कोमट झाले आणि दाबाचा काटा हलेना. शेवटी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणली, ती फोडून टबात टाकली, आणि मग भरणे नीट सुरू झाले. पाहायला आलेल्यांपैकी काहींना त्यात गंमत वाटली. मला ते आमच्या साऱ्या प्रात्यक्षिकातले सर्वांत उपयोगाचे दृश्य वाटले, कारण खऱ्या पंपावरही मूलतः हेच चालते. ७०० बारच्या पंपावर गाडी तीन ते पाच मिनिटांत भरायची, तर हायड्रोजन आधी उणे ४० अंशांच्या आसपास थंड करून घ्यावा लागतो. गाडीतील टाकीचे तापमान ८५ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते, आणि ते किती झाले हे गाडी भरण्याच्या तोटीतील अवरक्त किरणांच्या संदेशाने पंपाला सतत कळवत असते. बाहेरचे तापमान जितके अधिक, तितके हे काम जड. म्हणजे ऑस्लो किंवा टोकियोपेक्षा भुसावळच्या मे महिन्यात तोच पंप अधिक वीज खाईल, हे उघड आहे. हायड्रोजनचे कौतुक ऐकताना खान्देशातील माणसाने गाडीच्या वेगाविषयी विचारण्याआधी शीतकरणाविषयी विचारावे, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

उन्हाचा दुसरा फटका फ्युएल सेललाच बसला. तो पंख्याच्या हवेवर थंड होणारा होता, आणि त्याच हवेतून ऑक्सिजनही घेत होता. तापलेल्या, कोरड्या हवेत पंखा जोराने फिरू लागला की पटल वाळते आणि व्होल्टेज घसरते. दुपारी अकरानंतर रिक्षाची गती कमी होत गेलेली सर्वांनी पाहिली. त्यानंतरच्या फेऱ्या आम्ही सकाळी लवकर ठेवल्या.

आलेल्या लोकांचे प्रश्न आमच्या भित्तिपत्रकांपेक्षा सरस होते. अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याने प्रथमच विचारले, ‘‘भाऊ, हाई गाडी पानीवर चालस का?’’ गाडी पाण्यावर चालत नाही, पाण्यापासून विजेने हायड्रोजन काढावा लागतो आणि गाडीतून पुन्हा पाणीच बाहेर येते, हे सांगितल्यावर त्यांना ते बाहेर येणारे पाणी पाहायचे होते. आमच्या कोरड्या हवेत ते वाफ होऊन दिसेनासे होत असल्यामुळे बर्फावर गार केलेले स्टीलचे ताट पंख्यासमोर धरून त्यावरचे दव दाखवावे लागले. दुष्काळी भागात यासाठी पाणी कोठून आणणार, हा आक्षेप मी अपेक्षिला होता, परंतु त्याचे उत्तर रावेरच्या एका केळी बागायतदारांनी परस्पर दिले. एका किलोला हिशेबाने नऊ लिटर पाणी लागते, प्रत्यक्षात त्याहून अधिक, हे ऐकून ते म्हणाले की उन्हाळ्यात केळीचे एक झाडही दिवसाला एवढे पाणी पिते. तुमची अडचण पाण्याची नाही, विजेची दिसते. ते खरे आहे. एक किलो हायड्रोजन विद्युत अपघटनाने मिळवायला ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते आणि फ्युएल सेलमधून परत हाती येते ती जेमतेम पंधरा-सतरा युनिट. साक्रीच्या सौर प्रकल्पासारख्या ठिकाणची वीज थेट बॅटरीत भरली, तर तीच रिक्षा कितीतरी अधिक धावेल, हे मी रिक्षाचालकांपासून लपवले नाही. सीएनजीच्या रांगेला कंटाळून मोठ्या आशेने आलेले काही जण त्यामुळे नाराज झाले.

भित्तिपत्रकांवर जगातले अनुभवही मांडले होते. कॅलिफोर्नियात १९९९ पासून अशा गाड्या रस्त्यावर आणण्यासाठी कंपन्या व सरकार एकत्र आले. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल या तेल कंपनीने तेथील मोटारींसाठीचे आपले पंप बंद केले, आणि इतरत्र किलोचा भाव ३६ डॉलरपर्यंत चढला होता. जून २०१९ मध्ये ऑस्लोजवळच्या सँडविका येथील पंपावर स्फोट झाला, तो उच्च दाबाच्या टाकीच्या बुचाची जोडणी सदोष राहिल्यामुळे. हे पत्रक काढून ठेवावे, लोक बिचकतील, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते. ते आम्ही लावले, आणि अग्निशमन दलाच्या जवानांनी सर्वाधिक वेळ त्याच्याचसमोर घालवला.

ट्रकचालकांचा प्रश्न वेगळा होता आणि मला तो सर्वांत खरा वाटला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाखाली २०२५ मध्ये ३७ बस व ट्रक आणि ९ पंप यांचे प्रायोगिक प्रकल्प मंजूर झाले, त्यांत अहमदाबाद–वडोदरा–सुरत आणि पुणे–मुंबई हे मार्ग आहेत. सुरतहून नवापूर, कोंडाईबारी घाट, साक्री या वाटेने धुळे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि चाचणीतील टाटाच्या ट्रकांचा पल्ला ३०० ते ५०० किलोमीटर सांगितला जातो. त्यामुळे एका चालकाने सरळ विचारले, की माल भरून घाट चढून धुळ्यात आलो, तर परत जायला गॅस उरेल का? धुळ्यात पंप नसेल तोवर ती खात्री देता येणार नाही, असे मी सांगितले. त्यावर त्याने पुढचा प्रश्न केला, की मग तो पंप मेमध्ये दिवसाला किती ट्रक भरील. त्याचे उत्तर सुरतच्या मार्गावरील उन्हाळ्याच्या नोंदींतूनच मिळेल, आणि त्या नोंदी मागणारे पत्र विभागाने पाठवले आहे. आमचे पुढचे प्रात्यक्षिक मुद्दाम मे महिन्यात भर दुपारी ठेवले असून, त्यात बर्फासह आणि बर्फाविना टाकी भरायला लागणारा वेळ तापमानासह नोंदवला जाणार आहे.