शिडीवाल्यांच्या जाळीपाशी

इटलीतल्या व्हेरोनात आमच्या ग्रुपला एकच गोष्ट बघायची असते, जूलिएटची बाल्कनी. ती विसाव्या शतकात बसवली आहे, हे मी फोटो काढून झाल्यावरच सांगतो. टूर मॅनेजरला एवढं कळावं लागतं.

त्या दिवशी तिथे पाऊण तासाची रांग होती. म्हटलं, चला, तोवर जवळच्या स्कालिजेरींच्या, म्हणजे इथल्या जुन्या सत्ताधारी घराण्याच्या कबरी बघू. "कबरी बघायला आलो का इतक्या लांब?" एक काकू पुटपुटल्याच.

मी नेहमीची टेप लावली. स्कालिजेरींचं आडनाव देल्ला स्काला, म्हणजे शिडीवाले. वर घोड्यावर बसलाय तो कानग्रांदे. १३२९ साली त्रेविझो ताब्यात आलं आणि चारच दिवसांत हा गेला. २००४ मध्ये कबर उघडली, तपासणीत डिजिटॅलिसचं विष निघालं. काकू एकदम पुढे आल्या. "अगंबाई, डिजिटॅलिस? आमच्या ह्यांची हृदयाची गोळी त्यातलीच ना?"

कोल्हापूरचे एक काका मात्र वर बघतच नव्हते. चाळीस वर्षं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवलेला माणूस. त्यांनी कुंपणाच्या लोखंडी जाळीला हात लावून हलकेच ढकललं. अख्खी जाळी पडद्यासारखी हलली!

"ह्यात वेल्डिंग न्हाई की ओ. कडीत कडी घातलीया."

चार पाकळ्यांची प्रत्येक कडी आणि तिच्या मधोमध एक चिमुकली शिडी. चौदाव्या शतकातलं काम. मी इथे डझनभर वेळा आलोय, जाळीला कधी बोटही लावलं नव्हतं.

"ह्यातला पहिला कुठला?" काकांनी विचारलं.

मास्तीनो. मी जाळीतून बोट दाखवलं. ना घोडा, ना कळस, नुसती दगडी पेटी. जुलमी एत्सेलीनो १२५९ मध्ये मेल्यावर शहराची सूत्रं याच्याकडे आली. १२६२ मध्ये हा 'कापितानो देल पोपोलो' झाला, म्हणजे जनतेचा नायक, राजा नव्हे. १२७७ मध्ये इथेच जवळ मारेकऱ्यांनी त्याला गाठलं. भाऊ आल्बेर्तोनं गादी सावरली आणि ती १३८७ पर्यंत घरातच राहिली.

काका त्या पेटीकडे बघत राहिले. "धंदा काढणाऱ्याचं टेबल असंच असतंय बघा. एसी केबिन पोराची."

बाल्कनीला ते आलेच नाहीत. आम्ही परतलो तेव्हा हॉटेलच्या बिलामागे कडीचं चित्र काढून, बोटानं माप घेत उभे होते.