तुम्ही विचारलेत म्हणून : रेकॉर्ड कंपनीतला माणूस काय करतो?

अमेरिकन संगीताविषयी बोलताना मी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीतले निर्माते जॉन हॅमंड यांचे नाव घेतले की एक प्रश्न हमखास येतो : गाणारा गातो, वाजवणारा वाजवतो, मग कंपनीतल्या माणसाचे एवढे कौतुक कशाला?

व्हँडरबिल्ट या गडगंज घराण्यातल्या आईच्या पोटी १९१० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या हॅमंड यांना पोटापाण्याची विवंचना कधीच नव्हती, पण त्यांचे कान कायम हार्लेम या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीकडे लागलेले असत. तिथल्याच एका क्लबात १९३३ साली त्यांनी गायिका बिली हॉलिडेला ऐकले आणि त्याच वर्षी क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या साथीने तिचे पहिले ध्वनिमुद्रण घडवून आणले. जॅझ पियानोवादक काउंट बेसी यांचा बँड त्यांना मोटारीतल्या रेडिओवर सापडला. मात्र ते करारासाठी पोचेपर्यंत डेक्का कंपनीने बेसींची सही घेतली होती, आणि त्या करारात रॉयल्टीचे नावही नव्हते.

डिसेंबर १९३८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी कृष्णवर्णीय संगीताची मैफल भरवली. तिच्यासाठी मिसिसिपीचा ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन याचा शोध घेताना तो ऑगस्टमध्येच वारल्याचे कळले, तेव्हा हॅमंड यांनी त्याच्या रेकॉर्डी रंगमंचावरून श्रोत्यांना ऐकवल्या. माझ्या मते त्यांची सगळी कारकीर्द या एका कृतीत दिसते. पुढे १९६१ साली कोलंबियाने जॉन्सनची गाणी एलपीवर आणली, त्यामागेही हॅमंड होते.

त्याच वर्षी त्यांनी बॉब डिलनला करारबद्ध केले. पहिली तबकडी जेमतेम पाच हजार खपली, कंपनीत तिला ‘हॅमंडचा वेडेपणा’ म्हणू लागले, तरीही त्यांनी त्या पोराची पाठराखण सोडली नाही. माणूस हेरण्यापेक्षा असे पाठीशी उभे राहणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण कंपनीत रोजचा हिशेब विक्रीचाच असतो.

अर्थात नुसते हेरून भागत नाही. गायिका अरेथा फ्रँकलिनला कोलंबियात त्यांनीच १९६० साली आणले, पण तिथे तिला पॉप आणि जॅझच्या साच्यात बसवण्याचा खटाटोप चालला आणि म्हणावे तसे यश आले नाही. १९६७ च्या जानेवारीत अटलांटिक या दुसऱ्या कंपनीच्या जेरी वेक्सलर यांनी तिला अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत नेले, तिलाच पियानोवर बसवून गायला लावले, आणि चर्चमध्ये घडलेला तिचा आवाज तिथे पहिल्यांदा मोकळा झाला.