पर्सनल ट्रेनरचा कोर्स निवडताना: माझा अनुभव

नागपुरात प्रतापनगरच्या एका जिममध्ये मी दोन वर्षं ट्रेनर होते, हातात कुठलंच सर्टिफिकेट नसताना. बी.कॉम. झालेलं, स्वतः नियमित व्यायाम करायचे, बायकांच्या बॅचला बाई हवी होती, म्हणून लागले. एका सकाळी लेग प्रेसवरून, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवरून, उठताना एक काकू भिंत धरून उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. "काही नाही गं, जराशी चक्कर आली," म्हणाल्या. त्यांना बीपीची गोळी सुरू आहे, हे मला तेव्हा कळलं, कारण आधी मी विचारलंच नव्हतं. त्या श्वास रोखून वजन ढकलत होत्या आणि मी समोर उभी राहून "अजून दोन, काकू" म्हणत होते.

त्या रात्री झोप लागली नाही. शिकायचं ठरवलं.

जिममधले एक दादा म्हणाले, "एवढं टेन्शन कशाला घेऊन राहिली? सहा दिवसांचा कोर्स करून टाक." आईकडून १४ हजार घेतले आणि केला. शेवटच्या दिवशी परीक्षेत शिकवणारेच फिरून उत्तरं सांगत होते. सगळे पास. सर्टिफिकेटवर 'आंतरराष्ट्रीय' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं. बीपीवर सहा दिवसांत एक शब्द नव्हता. आईच्या पैशाचं अजून वाईट वाटतं.

आपल्याकडे ट्रेनरला डॉक्टरसारखी सक्तीची नोंदणी नाही. त्यामुळे कोणीही कोर्स काढू शकतो, आणि निवड करायची जबाबदारी शिकणाऱ्यावर येते. यावेळी मी घाई केली नाही.

बी.पी.एड.चा, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचा, विचार केला. अमरावतीला १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, विदर्भातल्या कितीतरी क्रीडाशिक्षकांचं शिक्षण तिथलं. पण ती पदवी दोन वर्षांची, आणि मुख्यतः शाळेच्या मैदानासाठी. मला शाळेत शिकवायचं नव्हतं, पन्नाशीच्या बायकांना सुरक्षित व्यायाम द्यायचा होता. सरकारी कौशल्य योजनेतला फिटनेस ट्रेनरचा कोर्सही पाहिला. नुकतं कॉलेज संपलेल्या मुलीला सुरुवातीला तो घे, असं मी आजही सांगेन.

मग एसीई, एनएएसएम, एसीएसएम या ट्रेनरची सर्टिफिकेटं देणाऱ्या अमेरिकन संस्थांची माहिती काढली. इथे एक गोष्ट लक्षात आली, ती मला महत्त्वाची वाटते. अमेरिकेत एनसीसीए नावाची संस्था परीक्षा तपासून मान्यता देते. ती मान्यता सर्टिफिकेटच्या परीक्षेला असते, क्लासला नसते. म्हणजे नागपुरातला एखादा क्लास 'आम्ही मान्यताप्राप्त' म्हणाला, तर शेवटी परीक्षा कोण घेणार, हे विचारायचं. शिकवणारा आणि पास करणारा एकच असेल, तर मी तिथून उठते.

एसीई निवडली. १८ वर्षं पूर्ण हवीत, सीपीआरचं (हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) सर्टिफिकेट हवं, परीक्षेत १५० प्रश्न, वेळ तीन तास. सीपीआर शिकताना बाहुलीच्या छातीवर हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, पाच सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत माझे हात थरथरायला लागले.

पुस्तक इंग्रजीतलं. मी मराठी माध्यमातली, म्हणून दर पानाचे कठीण शब्द वहीत मराठीत लिहून ठेवायचे. एप्रिलच्या उन्हात दुपारी जिम रिकामी असायची, तेव्हा कूलरसमोर बसून वाचायचे. असंच एका दुपारी श्वास रोखण्याचं पान आलं: श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, सोडला की उतरतो. काकूंची ती सकाळच तिथे लिहिलेली होती. पुढे होतं की बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, नाडीचा वेग फारसा वाढू देत नाहीत. म्हणजे नाडी जास्तीत जास्त किती वाढेल याचा '२२० वजा वय' हा हिशोब अशा माणसावर लावायचाच नाही, व्यायाम करताना तो बोलू शकतो का ते पाहायचं.

पहिल्याच प्रयत्नात पास झाले.

काकू आता पुन्हा येतात. आधी त्यांच्याकडून आरोग्याचा फॉर्म भरून घेतला, गोळ्यांची नावं लिहून घेतली आणि डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं. वजन ढकलताना मी मोजणी करत नाही, काकूंनाच मोठ्याने करायला लावते. आकडा तोंडातून निघाला की श्वासही निघतो.